‘हिंदी’ माणूस



 

शंभर वर्षांपूर्वीचं एखादं मराठी वर्तमानपत्र वाचायला घेतलंत, तर पहिल्याच पानावर अडखळाल. ‘हिंदी लोक’, ‘हिंदी सैनिक’, ‘हिंदी मजूर’ असं जागोजागी दिसेल. त्या सैनिकाची घरची भाषा मराठी असेल, मजुराची तमिळ. तरी दोघेही हिंदीच. हिंदचा तो हिंदी. टिळकांच्या पिढीला मराठीत ‘इंडियन’ म्हणायचं झालं की सहज हाच शब्द सुचे. १९५०च्या दशकातल्या ‘हिंदी चिनी भाई भाई’मध्येही भाषा नाही, माणसं आहेत. पुढे ‘भारतीय’ रुळला, हिंदी ही फक्त भाषा उरली. राष्ट्रीयत्वाचा एक अख्खा शब्द आपल्या आजी-आजोबांच्या देखत मोडीत निघाला आणि कुणाला चुटपुटही लागली नाही.

हा शब्द मुळात आपण घडवलेलाही नव्हता. सिंधूतला ‘स’ इराणी तोंडात ‘ह’ झाला. (आपला कर्जाचा हप्ता आणि संस्कृतातला सप्ताह यांचंही नातं तेच.) इराणी सम्राट दारियसने सूसा इथे राजवाडा बांधला, त्याच्या शिलालेखात कुठून काय आणवलं याची यादी आहे, हस्तिदंत पुरवणाऱ्या मुलखांत ‘हिंदुश’ येतो. ग्रीकांनी तो ‘ह’ही गाळला आणि ‘इंडोस’ उरलं. त्यांच्या इतिहासकार हेरोडोटसने इराणी सम्राट झर्क्सीसच्या फौजेतल्या इंडियन सैनिकांचं वर्णन केलंय, ते सुती कपड्यांतले. अरबांनी आपल्या चिंचेला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदचा खजूर, म्हटलं. माल, शिपाई, चिंच. परक्यांच्या वह्यांत आपली नोंद झाली ती अशी. शिवाय या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आधी होतं ते सिंधूचं खोरं, जे आज बहुतांशी पाकिस्तानात आहे. १९४७मध्ये नव्या देशाने ‘इंडिया’ हे नाव ठेवलं, ते जीनांना रुचलं नव्हतं. भूगोलाच्या बाजूने पाहिलं तर त्यांच्या तक्रारीत अगदीच दम नव्हता असं नाही.

‘भारत’ तरी घरचा ना? घरचा खरा, पण तोही सुरुवातीपासून सगळ्यांचा नव्हता. ऋग्वेदात भरत ही एक टोळी आहे. ओडिशातल्या हाथीगुंफा लेखात कलिंगचा राजा खारवेल ‘भरधवसा’वर मोहीम काढतो. म्हणजे त्याच्या लेखी भारत हा पलीकडचा मुलूख.

मग आपण ‘इंडियन’ झालो कधी? माझं उत्तर असं की, त्या शब्दावाचून काहीतरी अडायला लागलं तेव्हा. गांधीजींनी आत्मकथेत दक्षिण आफ्रिकेतलं चित्र दिलंय. तिथल्या गोऱ्यांच्या लेखी आपण सगळेच ‘कुली’. त्यातून सुटायला मुसलमान व्यापारी स्वतःला अरब म्हणवत, पारशी कारकून पर्शियन म्हणवत. करारावर नेलेल्या गिरमिटिया मजुराला असलं कुठलंच दार नव्हतं. तिथल्या नाताळ वसाहतीत १८९४मध्ये ‘नाताळ इंडियन काँग्रेस’ स्थापन झाली ती मताधिकारावर गदा आल्यावर. अरब आणि पर्शियन मंडळींना तेव्हा इंडियन होणं भाग पडलं.

त्याच सुमारास मुंबईत उलटं घडत होतं. साष्टी, वसई, मुंबईतले मराठी बोलणारे कॅथलिक ख्रिस्ती इथले मूळ रहिवासी. नोकऱ्यांसाठी गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिश्चनांशी त्यांची स्पर्धा सुरू झाली. आपण वेगळे, कंपनी सरकारची जुनी प्रजा, हे ठसवायला त्यांनी १८८७मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. पश्चिम किनाऱ्यावर राहून पूर्वेचं नाव! कंपनीच्या पाटीवरून उचललेलं. हसू येतं खरं, पण आज त्या नावामागे लग्नातले विधी आहेत, बाटलीतला मसाला आहे, गावठाणांचे लढे आहेत. नाव कशासाठी घेतलं हे लोक विसरतात आणि ते नाव जगायला लागतात.

अमेरिकेतली गोष्ट मात्र जरा थांबून सांगतो. कोलंबसने १४९२मध्ये चुकीच्या किनाऱ्यावर उतरून तिथल्या माणसांना ‘इंडिओ’ म्हटलं. परिणामी पुढे खरे इंडियन तिथे पोचले, तोवर शब्द आधीच दिला गेला होता. मग त्यांना सरसकट ‘हिंदू’ म्हणायची पद्धत पडली, धर्म कोणताही असो. भगतसिंग थिंड हे पंजाबातले शीख. पहिल्या महायुद्धात ते पगडी बांधून अमेरिकी सैन्यात होते. नागरिकत्वासाठी त्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथला कायदा तेव्हा, गोरे आणि आफ्रिकी वंशाचे सोडले तर, इतरांना नागरिकत्व घेऊ देत नसे. थिंड यांच्या बाजूने युक्तिवाद झाला तो आपण उच्चवर्णीय, शुद्ध आर्य, म्हणून गोरे, असा. मला या खटल्यातलं हे पान फार बोचतं. समतेच्या दारात उभं राहून आपण जातीचा दाखला पुढे केला! फेब्रुवारी १९२३मध्ये निकाल विरोधात गेला: शास्त्र काहीही म्हणो, सामान्य अमेरिकी माणूस यांना गोरं समजत नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड स्वतः इंग्लंडात जन्मलेले. थिंड निकालानंतर आधी नागरिकत्व मिळालेल्या कित्येक हिंदी माणसांचंही नागरिकत्व काढून घेतलं गेलं.

आणि पुढच्याच वर्षी, जून १९२४मध्ये, अमेरिकेत ‘इंडियन नागरिकत्व कायदा’ झाला. तो अर्थात तिथल्या मूळ रहिवाशांसाठी. म्हणजे एका इंडियनाला ‘हिंदू’ म्हणून नाकारलं आणि ज्यांचा सिंधूशी काडीचा संबंध नव्हता त्यांना ‘इंडियन’ म्हणून, त्यांच्याच भूमीवर, नागरिकत्व बहाल केलं. हिंदी लोकांना ते दार १९४६मध्ये उघडलं. थिंड यांना त्याआधीच, १९३६मध्ये, माजी सैनिक म्हणून ते मिळालं होतं.

आपल्या संविधानकर्त्यांनी नागरिकत्वाची कलमं लिहिली ती हे सगळं ताजं असताना. ‘इंडिया, अर्थात भारत’ या नावावर १८ सप्टेंबर १९४९ला भरपूर वाद झाला, संविधान सभेचे सदस्य कामत यांनी दुरुस्ती मांडली, ती पडली. पण नागरिक कोण, हे ठरवताना वंश, धर्म, भाषा यांपैकी काहीही विचारलं नाही. जन्म आणि वास्तव्य विचारलं. ती कलमं २६ जानेवारीची वाट न पाहता २६ नोव्हेंबर १९४९लाच लागू झाली. नावाच्या वादापेक्षा मला हा निर्णय मोठा वाटतो, आणि कायद्याच्या पदवीधरांनी तो पुन्हा वाचावा असं सुचवतो.

तिकडे अमेरिकी जनगणनेने आपल्याला १९३०मध्ये ‘हिंदू’ वंशाचं म्हटलं आणि १९७०मध्ये चक्क गोऱ्यांत मोजलं. थिंड यांनी कोर्टात मागितलं ते हे, सत्तेचाळीस वर्षांनी, न मागता! पण ते तिथल्या आपल्या लोकांना नको झालं होतं. गोऱ्यांत मोजलं गेल्यावर भेदभावाविरुद्धचं संरक्षण मिळणार कसं? त्यांच्या संघटनांनी वेगळी नोंद मागून घेतली आणि १९८०पासून ‘एशियन इंडियन’ असा पर्याय छापला गेला.