महिलांसाठी पहिले रिव्हॉल्व्हर
(भाषणाचा मजकूर)

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर कानपूरच्या सरकारी आयुध निर्माणीने जानेवारी २०१४ मध्ये महिलांकरिता ‘निर्भीक’ हे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर विक्रीस आणले. वजन सुमारे ५०० ग्रॅम. पर्समध्ये सहज मावणारे. किंमत मात्र त्या वेळी १,२२,३६० रुपये, म्हणजे सामान्य शिक्षिकेच्या आवाक्याबाहेरचीच!

हलकेपणा सोयीचा खरा; परंतु गोळी तीच असता शस्त्र जितके हलके, तितका हाताला बसणारा धक्का अधिक. यास्तव मूठ हातात नीट बसते काय आणि नेम न ढळता चाप ओढता येतो काय, हे प्रथम पाहावे. सरावाविना दोन्ही कळत नाही.

शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये खरेदीपूर्वी परवाना आवश्यक आहे. हैदराबाद शहरात तो पोलीस आयुक्तांकडे मागावा लागतो. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे हवे. घरी परतल्यावर ती पर्स कोठे ठेवणार, याचाही विचार आधीच व्हावा. मुले पर्स हमखास उघडतात.

पुष्कळदा शस्त्र बाहेर काढण्याइतकी उसंतच मिळत नाही. रस्त्यावरील छेडछाडीविरुद्ध हैदराबादेत ऑक्टोबर २०१४ पासून ‘शी टीम्स’ ही पोलिसांची साध्या वेशातील पथके नेमलेली आहेत. तातडीच्या प्रसंगी ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.