डॉ. रामाणी आणि मणक्याच्या ऑपरेशनची भीती



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत काढणाऱ्याला कण्याची ओळख करून घ्यावीच लागते. आपल्या वस्तीत शिलाई मशीनवर वाकलेल्या बायका, हमाल, रिक्षावाले यांची पाठ तर माझ्याहून जास्त झिजते. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच: मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस अंथरूण धरतो. ही भीती कमी करणाऱ्यांत डॉ. प्रेमानंद रामाणी यांचं नाव घ्यावंच लागेल.

जन्म १९३८चा, गोव्यात फोंडा तालुक्यातला. तेव्हा तिथं पोर्तुगीजांचं राज्य. पुढे इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला ते न्यूरोसर्जरी शिकले आणि मुंबईत सायन हॉस्पिटलात, म्हणजे महापालिकेच्या दवाखान्यात, त्यांनी तो विभाग सांभाळला. गरिबांची पाठ तिथंच येते.

त्यांचं नाव जोडलं जातं ते 'प्लिफ' या शस्त्रक्रियेशी. दोन मणक्यांमध्ये गादीसारखी चकती असते. ती सरकली की नस दबते, पायात कळ जाते. बऱ्याच जणांना नुसता सरकलेला तुकडा काढून आराम पडतो. पण मणकेच जागेवरून हलत असतील तर तेवढ्यानं भागत नाही. प्लिफमध्ये पाठीकडून आत जाऊन चकती काढतात, नसेवरचा दाब उतरवतात आणि रिकाम्या जागेत हाड बसवतात. काही महिन्यांत दोन मणके जुळून एक होतात. एकाच दारातून दोन दुरुस्त्या. माझ्यातल्या इंजिनिअरला हे फार आवडतं! होनोलुलूच्या राल्फ क्लोवर्ड यांनी १९४०च्या दशकात ही पद्धत आणली. भारतात ती रुजवली रामाणींनी.

म्हणून प्रत्येक पाठीला ऑपरेशन लागतं असं नाही. चकती सरकून पायात कळ येणाऱ्या बहुतेकांना दीड-दोन महिन्यांत, औषध आणि बेताच्या हालचालीनं बरं वाटतं. एमआरआयमध्ये तर काहीही न दुखणाऱ्यांच्याही चकत्या फुगलेल्या दिसतात. माझ्या अम्मीची फिल्म पाहूनच एकानं ऑपरेशनची तारीख दिली होती. दुसऱ्यानं तिला झोपवलं, पाय उचलून पाहिला, अंगठ्याचा जोर तपासला आणि म्हणाला, थांबू या. अम्मी आज चालते-फिरते. स्वतः रामाणी तर उतारवयात मॅरेथॉन धावले. आत्मचरित्राचं नावही 'ताठ कणा'.

पण एका बाबतीत थांबायचं नाही. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, मांड्यांमधली जागा बधिर झाली, पायातली ताकद जाऊ लागली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठं हॉस्पिटल गाठायचं. नसांच्या जुडग्यावर दाब आलेला असू शकतो आणि उशीर झाला तर गेलेला ताबा परत येईलच असं नाही. आपल्या घरांत बायका नेमकी हीच गोष्ट लाजेनं लपवतात. मुलाला सांगत नाहीत, नवऱ्यालाही नाही. म्हणून पाठ दुखतेय म्हटलं की आपणच विचारायचं: आपा, लघवी नीट होते ना?