स्वस्त गोळी आणि तिची राखण
(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा पाठ)



वर्षाचा जमाखर्च या अहवालात स्वतंत्रपणे दिलेलाच आहे. त्यात महागड्या यंत्रांच्या नोंदी ठळकपणे दिसतील. आज मात्र आम्ही आपला वेळ घेणार आहोत तो एका अतिशय स्वस्त गोळीसाठी. तिचे नाव डिजॉक्सिन. आम्ही वैद्य नव्हे, वाणिज्य शाखेचे पदवीधर. त्यामुळे पुढील वैद्यकीय भाग हृदयरोग विभागाच्या डॉक्टरांकडून तपासून घेतला आहे. परंतु रुग्ण घरी जाताना त्याच्या नातलगांशी शेवटचे बोलणे बहुधा आमच्याच खिडकीवर होते, आणि गोळ्यांविषयीचे खरे प्रश्न तेथेच विचारले जातात.

‘हार्ट फेल्युअर’ हे नाव ऐकूनच घरातील माणसे खचतात. हृदय बंद पडले असा त्याचा अर्थ नव्हे. हृदयाची रक्त ढकलण्याची शक्ती शरीराच्या गरजेला पुरेनाशी होते. पायांवर सूज येते, फुप्फुसांत पाणी साचते, रात्री उशी उंच करूनही दम लागतो. या विकारावर आज डिजॉक्सिनपेक्षा अधिक गुणकारी औषधे उपलब्ध आहेत आणि प्रथम तीच दिली जातात. त्यानंतरही त्रास उरला, किंवा हृदयाचे ठोके अनियमित व जलद पडत असले, म्हणजे डॉक्टर ही गोळी लिहितात.

मूळ औषध फार जुने. इंग्लंडमधील डॉ. विल्यम विदरिंग यांनी फॉक्सग्लोव्ह या फुलझाडाच्या पानांचा अंगावरील सुजेसाठी उपयोग अभ्यासून १७८५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. या पानांचा वापर त्यांना एका घरगुती पाठावरून कळला होता. विशेष हे की, मात्रा जास्त झाली तर उलट्या होतात, वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसतात, नाडी मंदावते, हेही त्यांनी त्याच ग्रंथात नोंदवून ठेवले. पुढे त्याच जातीच्या दुसऱ्या एका झाडापासून १९३० मध्ये डिजॉक्सिन वेगळे काढण्यात आले. १९९७ साली ६,८०० रुग्णांवरील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या गोळीने मृत्यूचे प्रमाण घटले नाही. मात्र विकार बळावून रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग लक्षणीयरीत्या कमी झाले. म्हणजे ही गोळी आयुष्य वाढवण्याची हमी देत नाही. रुग्णाला आपल्या घरात, आपल्या अंथरुणावर राहू देते. आमच्या मते ही देणगी लहान नाही.

अडचण अशी की, उपकारक मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत अंतर थोडे आहे. रक्तातील पातळी साधारणतः एका मिलिलिटरला ०.५ ते ०.८ नॅनोग्रॅम असावी, असे आता मानले जाते, १.२ च्या वर हित संपून धोका सुरू होतो. आमचा जन्म हिशेबाच्या वह्यांत गेला आहे, तेव्हा दशांशचिन्ह इकडचे तिकडे झाले की काय होते, हे आम्हांस कोणी सांगावयास नको. ०.२५ मिलिग्रॅमची संपूर्ण गोळी आणि ०.१२५ ची अर्धी, हा फरक घरी पाठ असला पाहिजे.

हे औषध शरीराबाहेर टाकण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडे करतात. ती धडधाकट असतील तरी निम्मे औषध बाहेर पडावयास दीड ते दोन दिवस लागतात. ती दुर्बल असतील तर चार-पाच दिवसही लागू शकतात. वृद्ध माणसाला जुलाब लागले, पाणी पोटात ठरेना, की मूत्रपिंडांचे काम मंदावते आणि रोजचीच गोळी अंगात साठत जाते. त्याच जुलाबांत पोटॅशियमही निघून जाते, आणि पोटॅशियम कमी झाले की हेच औषध हृदयावर अधिक जोराने चालते. लघवीच्या गोळीनेही पोटॅशियम उतरते. म्हणून अशा दिवशी पुढची गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

सर्वांत फसवी गोष्ट सांगतो. मात्रा वाढल्याची पहिली खूण बहुधा छातीत दिसत नाही, ताटावर दिसते. आजींची अन्नावरची वासना उडते, मळमळते, पोळीचा तुकडा तसाच राहतो. घरात निदान तयार असते: पित्त झाले असेल. मग पित्ताची गोळी दिली जाते, कोकम सरबत दिले जाते, आणि नेमाने डिजॉक्सिनही दिले जाते. चार दिवसांनी आजी गोंधळल्यासारख्या बोलू लागतात, तेव्हा ते वयावर ढकलले जाते. दिव्याभोवती पिवळट वलय दिसते असे त्या सांगतात, तेव्हा मोतीबिंदूची आठवण होते. प्रत्येक समजूत आपापल्या जागी योग्यच वाटते, म्हणूनच ती घात करते. हे औषध चालू असलेल्या माणसाचे जेवण अचानक तुटले, तर फोन प्रथम आम्हांस करावा. पित्ताचा विचार नंतर.

आपल्याकडे पूर्वापार काही डॉक्टर ही गोळी आठवड्यातून पाच दिवस लिहीत आले आहेत. शनिवार-रविवार सुट्टी. आज पुष्कळ तज्ज्ञ लहान मात्रा रोज घेणे पसंत करतात. कोणती पद्धत हा डॉक्टरांचा अधिकार. पण सुट्टी असेल तर ती फक्त त्या एका गोळीला आहे. काही घरांत त्या दोन दिवशी सर्वच औषधांना सुट्टी दिली जाते आणि सोमवारी पाय सुजून रुग्ण दारात हजर होतो.

गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करू नये. थकबाकी वसूल करण्याची आमच्या धंद्यातील रीत येथे कामाची नाही.

घरगुती औषधांविषयीही बोलणे भाग आहे. खोकल्यासाठी ज्येष्ठमध दिवसेंदिवस चघळणे किंवा पोट साफ होण्यासाठी सोनामुखी नित्य घेणे, दोन्हींनी पोटॅशियम घटते. इसबगोल व आम्लपित्ताची काही औषधे डिजॉक्सिन अंगी लागू देत नाहीत, म्हणून त्यांत दोन तासांचे अंतर हवे. आपल्या कुंपणावरील पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हिच्यात डिजॉक्सिनसारखेच हृदयावर परिणाम करणारे विष असते. कोणीही कितीही छातीठोकपणे सांगितले तरी तिचे पान किंवा बी पोटात जाता कामा नये. गुडघेदुखीवर दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या अंगात पाणी धरतात आणि मूत्रपिंडांना जड जातात. नारळपाणी चांगले की वाईट, हेही प्रत्येकाच्या रक्ततपासणीवर आणि सोबतच्या इतर गोळ्यांवर ठरते. शेजाऱ्यांच्या अनुभवावर नव्हे.

नाव वेगळे म्हणून औषध वेगळे, असे समजू नये. येथून एका कंपनीची गोळी लिहून दिली, गावी दुसऱ्या कंपनीची मिळाली, की दोन्ही घेतल्या जातात. पाकिटावरील बारीक अक्षरांत औषधाचे मूळ नाव छापलेले असते, ते शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्यावे.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी, वजन करून लिहून ठेवावे. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा अधिक वाढले तर ते पाणी समजावे व कळवावे. गोळीपूर्वी अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. साठाच्या खाली असल्यास गोळी हाती ठेवून आधी फोन करावा.

देणगीदारांना यात काय सांगावयाचे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. गोळी स्वस्त आहे, तिची राखण स्वस्त नाही. पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची तपासणी ठरावीक अंतराने व्हावी लागते, आणि गावाहून येणारे कुटुंब त्या दिवसाची मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे भरून येते. अशा तपासणीवर कोणाच्या नावाची संगमरवरी पाटी बसवता येत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही या वर्षी यंत्रापेक्षा वजनकाटे आणि तपासण्यांचा खर्च मागण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

वजन व नाडी लिहिण्याची कार्डे नोंदणी खिडकीजवळ ठेवली आहेत. पुढील भेटीस येताना कार्डासोबत घरातील सर्व पाकिटे, चालू असोत वा बंद, एका पिशवीत घालून आणावीत. आणि घरी लहान मुले असतील तर ही पिशवी आजोबांच्या उशाशी न ठेवता कुलपात ठेवावी. काही थोड्या गोळ्याही बालकाच्या जिवावर बेतू शकतात.