पहिला सेल मारण्याआधी

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



प्रत्येकाने आपापल्या कामातली एक गोष्ट सांगायची, असं ठरलंय. मी गॅरेजवाला. त्यामुळे इंजिनाबद्दलच बोलणार, आणि तेही इंजिन नव्याने बांधून झाल्यावर ते पहिल्यांदा चालू करण्याआधीच्या तासाभराबद्दल.

बोअरिंग झालं, क्रँकचं ग्राइंडिंग झालं, नवी बेअरिंगं आणि रिंगा बसल्या, चेंबरमध्ये तेल ओतलं. गिऱ्हाईक म्हणतं, “आता मारा की सेल!” पण तेल चेंबरमध्ये आहे म्हणजे बेअरिंगमध्ये पोचलं असं नाही. पंप कोरडा, फिल्टर रिकामा आणि ब्लॉकमधल्या तेलाच्या सगळ्या वाटा हवेने भरलेल्या असतात.

क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी. चालू इंजिनात क्रँक धातूवर टेकत नाही, तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो. सरांनी आपल्याला द्रवाचा दाब शिकवला होता, म्हणून एक जुनी हकिगत सांगतो. १८८३च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. त्यांनी तेल घालायला वरून भोक पाडलं, तर तेल आत जाण्याऐवजी बाहेरच यायला लागलं. लाकडी बूच ठोकलं, तर तेलाने तेही ढकलून दिलं. १८८६मध्ये ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी त्यामागचं गणित मांडलं. फिरता दांडा तेलाला अरुंद जागेत ओढत नेतो आणि त्याच तेलाच्या दाबावर स्वतः उचलला जातो. पण ओढायला आधी तिथे तेल तर हवं! ते नसताना इंजिन चालू केलं, तर बेअरिंगचा मऊ थर काही सेकंदांत ओरबाडला जातो. आवाज कदाचित महिन्याभराने येईल, पण नुकसान त्या पहिल्या क्षणीच झालेलं असतं.

म्हणून तयारी बांधतानाच सुरू होते. प्रत्येक बेअरिंगला आणि कॅमला हाताने तेल चोपडायचं. पंपाच्या पोकळीत व्हॅसलीन भरायचं, म्हणजे कोरडा पंप हवा न सोडता तेल ओढून घेतो. व्हॅसलीन नंतर तेलात विरघळून जातं. ग्रीस मात्र भरायचं नाही, ते विरघळत नाही आणि वाटा तुंबवतं. फिल्टर उभा बसत असेल तर तो आधीच तेलाने भरून घ्यायचा.

जुन्या शेवरलेसारख्या काही अमेरिकन व्ही-८ इंजिनांत डिस्ट्रिब्युटर काढून, त्या भोकातून ड्रिल मशिनने नुसता पंप फिरवता येतो. आपल्या मारुतीच्या ८०० सीसी इंजिनात पंप क्रँकवरच बसलेला, त्यामुळे तो एकटा फिरत नाही. तिथे सगळे प्लग काढायचे, कॉइलची वायर सोडवायची. ऑइल प्रेशरचा स्विच काढून त्या जागी काट्याचं गेज लावायचं. मग दहा सेकंद सेल मारायचा, थोडं थांबायचं, पुन्हा मारायचा. प्लग नसल्याने कॉम्प्रेशन नाही, म्हणून बेअरिंगवर फारसा भार येत नाही. काटा वर चढला आणि हेडमध्ये रॉकरपर्यंत तेल आलेलं डोळ्यांनी दिसलं, की मगच प्लग लावायचे. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबू नये, तो अगदी थोड्या दाबालाही विझतो.

एका जून महिन्यात शाळेच्या मुलांची ने-आण करणारी ओम्नी आमच्याकडे इंजिनकामाला होती. दुसऱ्या दिवशी शाळा सुरू होणार होती. उसनवारी करून पैसे आणलेला मालक संध्याकाळपासून स्टुलावर बसून होता. तीनदा सेल मारला, पण काटा हलेना. तो म्हणाला, “शेठ, चालू करून बघा ना. चालू झाल्यावर येईल प्रेशर.” मी म्हटलं, “दादा, नाही आलं तर तुमचे पैसे पुन्हा जातील.” रात्री चेंबर खाली घेतला. स्ट्रेनरच्या पाइपला जी रबरी रिंग असते, तिला बारीक चीर होती. नव्या गॅस्केट सेटमधूनच ती तशी आली होती. पंप तेलाऐवजी हवा ओढत होता. रिंग चाळीस-पन्नास रुपयांची, पण दुकान सकाळी उघडणार. पहिल्या दिवशी त्याने मुलं रिक्षाने पोचवली आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी नवी रिंग लावून सेल मारला, तर दुसऱ्याच वेळी काटा चढला. ती ओम्नी पुढे सहा वर्षं त्याच इंजिनावर मुलं नेत होती.

तुमच्यापैकी कुणी गाडीचं इंजिन करायला टाकलं, तर मिस्त्रीला घाई करू नका. फक्त एवढं विचारा, “पहिल्यांदा चालू करण्याआधी गेज लावून प्रेशर बघणार ना?” बघणार असेल, तर हवा तेवढा वेळ द्या. आणि पहिलं तेल लवकर बदलायला सांगा, नव्या भागांचा बारीक कीस त्यातच उतरतो.

सर, बाई, आपण शिकवलेलं आम्हाला परीक्षेत किती आलं, ते आपल्याला माहीतच आहे. द्रवाचा दाब मात्र मी आजही रोज वापरतो.