ऑपरेशननंतरचा पीएसए

मलकापूर किंवा शेगावहून रेल्वेने मुंबई-नागपूर गाठून प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून घेतलेले काका घरी परततात, आणि पुढची पीएसएची तपासणी मागे पडते. सोयाबीन काढायचं असतं, दुखत तर काहीच नसतं!

प्रोस्टेट ग्रंथी पूर्ण काढल्यावर दीड-दोन महिन्यांत रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते प्रथिन, जवळजवळ शून्य व्हायला हवा. तो ०.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून वर गेला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच आला, तर आजार परतल्याची शंका धरतात. धोका किती, याचा अंदाज काढलेल्या ग्रंथीच्या बायॉप्सी अहवालातून येतो: ग्लीसन स्कोअर (पेशी किती आक्रमक दिसतात), कापलेल्या कडेला कॅन्सरच्या पेशी राहिल्या का, शुक्राशयात किंवा लसिका गाठींत आजार पोचला का. पीएसए दुप्पट व्हायला किती महिने लागतात, हेही फार बोलकं असतं.

घाबरू मात्र नका. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या १९९९ च्या अभ्यासात पीएसए वाढल्यापासून आजार दूरवर पसरलेला दिसेपर्यंत मध्यक (मीडियन) आठ वर्षं गेली होती. शिवाय पीएसए कमी असतानाच रेडिएशन दिलं तर गुण जास्त येतो. म्हणून रक्त शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा, ऑपरेशननंतरचा बायॉप्सी अहवाल जपून ठेवा, आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख पेरणी-कापणीतही चुकवू नका.