फेफऱ्याची गोळी आणि तिचा त्रास



वसंतातल्या संध्याकाळी औषधांच्या त्रासावर बोलावयाचे, हे कित्येकांना रुचणार नाही. पण माहूरसारख्या क्षेत्री हा विषय टाळणे बरे नव्हे. रेणुकामातेच्या पायरीशी आणि दत्तशिखरावर दुखणेकरी माणसे पिढ्यानुपिढ्या येत आली आहेत, आणि त्यांत फेफऱ्याचे रोगीही असतात. श्रद्धेविरुद्ध आम्हांस काहीच म्हणावयाचे नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. चालू असलेली गोळी कोणी अचानक सोडली, की खापर नवसावर किंवा अडाणीपणावर फुटते. खरे कारण पुष्कळदा असे असते की, गोळीने त्रास झालेला असतो आणि तो कोणी ऐकून घेतलेला नसतो.

हा त्रास काल्पनिक नाही. 1857 साली लंडनच्या लोकॉक यांनी ब्रोमाइडचा गुण सांगितला; झटके थांबत, पण माणूस मंद होई, अंगावर पुटकुळ्या उठत. 1912 साली जर्मनीतील हाउप्टमान यांनी फेनोबार्बिटोन वापरून पाहिले. ते स्वस्त आहे, अजूनही चालते. परंतु त्याने एखादे मूल वर्गात पेंगते, एखादे उलट हूड आणि चिडखोर होते. मास्तर त्याला आळशी किंवा द्वाड म्हणतात. बिचाऱ्याचा दोष काडीचाही नसतो.

पुढे 1938 साली अमेरिकेत मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटॉइन पुढे आणले. माणसाला गुंगी न आणता झटके आवरणारे हे औषध म्हणजे मोठीच मजल होती. पण त्यानेही हिरड्या वाढतात, अंगावर लव वाढते. ह्या औषधाची एक खोड समजून घेण्याजोगी आहे. दत्तजयंतीची दर्शनाची रांग डोळ्यांपुढे आणा. दारातून ठरावीक माणसेच आत जाऊ शकतात. तेवढीच येत आहेत तोवर रांग दिसत नाही. त्यांवर थोडी माणसे वाढू द्या, रांग पाहता पाहता पायथ्याकडे सरकते. आपले यकृत हे ते दार. फेनिटॉइनचा डोस एका मर्यादेपलीकडे जरासा वाढला, तरी रक्तातील औषध एकदम चढते. मग तोल जातो, डोळे फडफडतात, एकाचे दोन दिसते. असा झोकांड्या खाणारा मनुष्य चौकात दिसला की लोक काय समजतात, ते सांगावयास नको!

1968 साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन शहरी अनेक रोग्यांना अशीच विषबाधा झाली. डोस तोच होता. केवळ कॅप्सूलमधील भर घालण्याची पूड बदलली होती. कॅल्शियम सल्फेटच्या जागी दुग्धशर्करा आली आणि औषध अंगात अधिक मुरू लागले. म्हणून दुकानदाराने ‘हे नाही, पण तेच आहे’ म्हणून दुसऱ्या कंपनीची पट्टी दिली, तर निदान डॉक्टरांना विचारावे.

आता सर्वांत धोक्याची गोष्ट. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन किंवा लॅमोट्रिजिन सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत क्वचित अंगावर पुरळ उठते, ताप येतो, तोंड व डोळे सोलवटतात, पुढे कातडी सुटू लागते. यात जीवही जातो. आपल्याकडे ताप आणि पुरळ एकत्र दिसले की ‘गोवर निघाला’, ‘देवी आल्या’ असे म्हणून कडुनिंबाचा पाला अंथरण्याची आणि औषधपाणी न करण्याची रीत होती. काही घरांतून ती अजून आहे. फेफऱ्याच्या नव्या गोळीवर असलेल्या माणसाबाबत ही रीत पाळू नये. त्याच दिवशी, गोळ्यांसह, रुग्णालय गाठावे. नांदेड येथून शंभर किलोमीटरांहून दूर आहे, म्हणून उद्यावर ढकलू नये.

स्त्रियांचा प्रश्न आणखी अवघड. व्हॅल्प्रोएट हे औषध गुणी खरे. 1967 पासून ते फ्रान्समध्ये विकले गेले. परंतु गरोदरपणी घेतल्यास शंभरांतील सुमारे दहा बालकांत जन्मतः व्यंग आढळते, आणि पुष्कळांची बौद्धिक वाढ खुंटते. तेथील मातांनी 2011 साली संघटना उभारली, तेव्हा कोठे हे सर्वांच्या कानी गेले. आमच्या मुली तर लग्नानंतर गोळीच लपवितात. कायद्याने हा अडसर कधीच काढला आहे; हिंदू विवाह कायद्यातील ‘अपस्मार’ हा शब्द 1999 साली वगळण्यात आला. घराने मात्र तो अजून वगळलेला नाही. लग्न ठरताच डॉक्टरांना विचारले, तर औषध वेळीच बदलता येते. दिवस गेल्यावर घाबरून स्वतःच ते बंद करणे हे आई आणि मूल दोघांनाही घातक.

एकाएकी गोळी थांबविली की झटक्यावर झटका येतो. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर ती जिवावरची वेळ समजावी. नवरात्रात हे विशेष जपावे लागते. नऊ दिवसांचा उपास, त्यात जागरण, आणि ‘गोळीने उपास मोडतो’ ही समजूत! अपुरी झोप स्वतःच झटका आणते. घोटभर पाण्याबरोबर गोळी घेतल्याने रेणुकामाता रागावेल, असे आम्हांस तरी वाटत नाही.

त्रास झाला तर सांगावयाचे कोणाला? 2010 साली केंद्र सरकारने औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्याचा कार्यक्रम सुरू केला. त्यात डॉक्टरच नव्हे, रोगी किंवा त्याचे नातलगही तक्रार नोंदवू शकतात. 1800-180-3024 हा क्रमांक निःशुल्क आहे. गोळीचे नाव, ती कधी सुरू केली, त्रास किती दिवसांनी झाला आणि दुसरी कोणती औषधे चालू होती, एवढे लिहून ठेवावे. पट्टीचे रिकामे पाकीटही फेकू नये. बॅच क्रमांक त्याच्यावरच असतो.