घरचा धंदा आणि आपले नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



घरी चालवायच्या छोट्या धंद्याविषयी मी चार शब्द बोलावे, अशी मंडळाची आज्ञा झाली. पापड कसा लाटावा, कुरडईचा चीक किती शिजवावा, हे सांगायला मी उभी नाही. त्यात आपण सगळ्याच तरबेज आहोत. आपले अडते ते कागदापाशी. म्हणून कागदाविषयीच बोलते.

आपल्याकडे पुष्कळ घरी असे दिसते की राबते बाई, पण दुकानदाराच्या वहीत नाव मालकांचे आणि बँकेतले खाते मुलाचे. घर सुखाचे आहे तोवर यात कोणाला काही वाटत नाही. पण उद्या कर्ज काढायचे झाले, किंवा घरावर वाईट वेळ आली, तर "हा धंदा माझा" असे म्हणायला त्या बाईपाशी पुरावा कोणता? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातले चौदावे कलम सांगते की हिंदू स्त्रीने स्वतःच्या कसबाने आणि कष्टाने मिळवलेल्या मालमत्तेची ती पूर्ण मालकीण असते. हक्क कायद्याने दिला. तो दाखवणारा कागद मात्र आपणच करून ठेवायचा.

पहिला कागद अन्न नोंदणीचा. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा घरच्या चुलीवर केलेल्या विकाऊ जिनसांनाही लागू आहे. लहान धंद्याला मोठ्या परवान्याची गरज नाही, नोंदणी पुरते. तिचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर घालायचा. दुसरा कागद उद्यम नोंदणीचा. ही सोय १ जुलै २०२० पासून आहे. आधारावर होते आणि सरकारी फी काहीच नाही. तिसरे, बँकेत आपल्या नावाचे खाते. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात पन्नास हजारांपर्यंतचे कर्ज तारणावाचून मिळू शकते. पण बँक आधी हेच कागद आणि हिशेब पाहते.

आता आपल्या हळदीकडे वळते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपल्या जिल्ह्याला भूषणाची गोष्ट आहे. पण म्हणून कोणीही पुडीवर 'वसमत हळद' छापावे, असे नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. दुसरे असे की दळलेले मसाले सुटे विकायला कायद्याने बंदी आहे. हळदपूड, तिखट, काळा मसाला विकायचा तो पाकीटबंदच. पाकिटावर जिन्नस काय, आत काय काय घातले, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तयार केल्याची आणि केव्हापर्यंत चांगले राहील ती तारीख, शाकाहाराची हिरवी खूण, आपले नाव व पत्ता, तक्रारीसाठी फोन, एवढे हवे. तागडी असो वा इलेक्ट्रॉनिक काटा, त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असावा.

हळकुंडे घेताना ओळखीच्या शेतकऱ्याकडून, रंग न दिलेली घ्या. पिवळेपणा उठावा म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट चोळतात. त्यात शिसे असते आणि ते लहान मुलांच्या मेंदूला बाधते. आपले नाव पुडीवर आले की जबाबदारीही आपलीच आली.

घरातल्या सोयीचेही पाहावे लागते. स्वयंपाकाच्या घरगुती सिलिंडरवर धंदा करणे नियमात बसत नाही. धंद्याचा सिलिंडर वेगळा मिळतो. गिरणी बसवायची असेल तर आधी वीज कचेरीत विचारावे. वाळवण जाळीखाली ठेवावे, आणि घरात कोणी आजारी असेल तर त्याने पिठाला हात लावू नये.

आणि वही ठेवावी. आणले किती, खपले किती, उधारी कोणाकडे, आणि आपली मजुरी किती. ही मजुरी आपण धरतच नाही, आणि मग तोट्यालाच नफा म्हणतो. माल देताना घेणाऱ्याची सही घ्यावी. मागे एका दुकानदाराने आठ किलो पापडांतले पाचच पोचले, असे सांगितले. मी वही उघडली. खाली त्याच्याच माणसाची सही होती. शब्दाने शब्द न वाढवता पैसे मिळाले.

"एवढे सोपस्कार कारखान्यांना शोभतात, आपल्याला कशाला?" असे कोणी म्हणेल. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटे. तीच आजची लिज्जत. त्यांनी देणगी मागितली नाही, हिशेब चोख ठेवला आणि १९६६ साली संस्था रीतसर नोंदवली. आज तेथे चाळीस हजारांहून अधिक भगिनी काम करतात. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांचेही लाटणे आपल्यासारखेच होते.

तेव्हा माझी विनंती अशी की मंडळाने महिन्यातून एक दुपार या कामासाठी ठेवावी. जिला लिहिता येते तिने शेजारणीचा अर्ज भरून द्यावा. सातवी शिकलेल्या मला हे अर्ज भरता येतात, तर आपल्या सुना-लेकींना का येणार नाहीत? मात्र अर्जावर नाव घालायचे ते जी राबते तिचे.